अंगचा गुण आणि जीविताचा हेतू

विद्यार्थिमित्रहो, आमच्या मेजाच्या सर्वांत खालच्या खणात एक वही अठरा वर्षे पडून होती. या लेखाचा आरंभ त्या वहीपासूनच करणे आम्हांस प्राप्त आहे. कारण पुढे जो धडा सांगावयाचा आहे तो आम्ही स्वतः त्या वहीपासून शिकलो, आणि तोही फार उशिरा.

तेव्हा आम्ही अध्यापनाच्या कामात नवीन होतो व आठव्या इयत्तेस गणित शिकवीत होतो. वर्गात एक खेड्यातील मुलगा होता. त्याच्या वडिलांची पिठाची गिरणी होती. मुलगा शांत, परंतु गणिताच्या तासाला त्याचे लक्ष फळ्याकडे कधीच नसे. एके दिवशी आम्ही पाहिले तो वहीच्या मागील पानांवर चाकांची व पट्ट्यांची चित्रे काढण्यात गढून गेला होता. आम्ही ती वही काढून घेतली, वर्गासमोर दोन खोचक शब्द बोललो आणि "परीक्षा झाल्यावर परत मिळेल," असे सांगून ती खणात टाकली. दिवाळीच्या सुटीनंतर तो मुलगा शाळेत आलाच नाही. घरी गिरणीवर माणूस हवे होते, असे मागाहून कळले. वही खणातच राहिली आणि आम्हीही तिला विसरलो.

गतवर्षी खण आवरताना ती हाती आली, आणि या खेपेस आम्ही ती उघडून वाचली. ती चित्रे चाळा म्हणून काढलेली नव्हती. गिरणीचा पट्टा पुलीवरून वारंवार घसरतो, याचा तो मुलगा शोध घेत होता. एका पानावर पट्टा कोणत्या बाजूस घसरतो याच्या दिवसवार खुणा होत्या. दुसऱ्या पानावर झिजून मधोमध खोलगट झालेल्या लाकडी पुलीचे माप होते. तिसऱ्या पानावर पुलीच्या मध्यभागी कॅनव्हासची पट्टी गुंडाळून तेथे किंचित फुगवटा आणल्याचे चित्र होते. यंत्रशास्त्र जाणणारे सांगतील की, सपाट पट्टा फिरत असता पुलीच्या सर्वांत उंच भागाकडे सरकतो; म्हणून पुलीस मध्यभागी थोडा फुगवटा दिला असता तो आपोआप मधोमध राहतो. हे त्या मुलाने कोठे वाचले नव्हते, पाहून पाहून ताडले होते. त्या चित्राखाली एकच ओळ लिहिली होती : 'बाबांना चालू पट्ट्याला हात लावावा लागू नये.'

ती ओळ वाचून आम्ही बराच वेळ स्तब्ध बसलो. आमच्या वर्गात एक कल्पक बुद्धी, एक शिकलेला हात आणि एक स्पष्ट हेतू अशा तिन्ही गोष्टी एका बाकावर बसल्या होत्या, आणि आम्ही त्यांना खणात बंद केले होते. 'हे कशासाठी काढतोस?' असा तीन शब्दांचा प्रश्न विचारण्याचेही आम्हांस सुचले नाही. अशी वही अन्य कोणाच्या खणात पडू नये, एवढ्याचसाठी हा लेख लिहिला आहे.

कल्पकता म्हणजे काय?

प्रथम एक गैरसमज दूर केला पाहिजे. कल्पकता ही कवींना, चित्रकारांना व मोठमोठ्या शास्त्रज्ञांनाच लाभलेली दैवी देणगी असून बाकीच्यांनी त्यांचे कौतुक करीत बसावे, अशी समजूत मुलांत आणि पालकांत सारखीच आढळते. आमच्या मते कल्पकता म्हणजे दोन गोष्टींचा असा मेळ घालणे की, जो पूर्वी कोणी घातला नव्हता अथवा निदान आपण कोठे पाहिला नव्हता. शिळ्या भाकरीपासून चवदार पदार्थ करणारी आजी, फुटक्या कौलाखाली पत्र्याचा तुकडा नेमका बसविणारा गवंडी, कठीण सिद्धान्त गोट्यांच्या खेळाने समजावून देणारी शिक्षिका, ही सर्व कल्पक माणसेच होत. शक्ती थोड्याबहुत प्रमाणात सर्वांठायी आहे; भेद आहे तो ती वापरण्याचा.

दुसरा गैरसमज असा की, नवी कल्पना विजेसारखी एकाएकी चमकते, तीस श्रमांची गरज नाही. इंग्लंडमधील ग्रॅहॅम वॉलस या विचारवंताने १९२६ साली विचार करण्याच्या कलेवर एक ग्रंथ लिहिला. त्यात त्याने नवनिर्मितीच्या चार पायऱ्या सांगितल्या आहेत. पहिली तयारी, म्हणजे प्रश्नाचा सर्व अंगांनी कसून अभ्यास. दुसरी मुरवण, म्हणजे प्रश्न बाजूस ठेवून मनास आतल्या आत काम करू देणे. तिसरी उजेड, म्हणजे उत्तर अवचित सुचणे. चौथी पडताळा, म्हणजे सुचलेले खरे की खोटे हे तपासून पाहणे. फ्रेंच गणिती आंरी प्वाँकारे याने आपला अनुभव असाच लिहून ठेवला आहे. एका प्रश्नावर तो पुष्कळ दिवस खपला होता. पुढे प्रवासात असता, मनात तो विषयही नसता, गाडीच्या पायरीवर पाय ठेवताक्षणीच त्यास उत्तर सुचले. आणि घरी परतल्यावर त्याने ते रीतसर पडताळून पाहिले.

आमच्या घरातील माताभगिनींस हे नवीन वाटणार नाही. दूध तापवून कोमट केले, त्यास विरजण लावले, की मग भांडे झाकून स्वस्थ ठेवावे लागते. घटकेघटकेस झाकण काढून ढवळीत बसणाऱ्यास दही मिळत नाही. परंतु ज्याने दूधच तापविले नाही त्याने रात्रभर झाकण ठेवूनही काही मिळणार नाही. विद्यार्थ्यांनी या दृष्टान्ताचे दोन्ही भाग ध्यानात ठेवावेत. आळशी मुलगा पहिला भाग विसरतो, आणि ज्याचा दिवस पहाटेच्या शिकवणीपासून रात्रीच्या शिकवणीपर्यंत भरून टाकलेला असतो त्याच्याकडून दुसरा.

अडलेली वाट आणि नवी वाट

आता एका अशा पुरुषाचे उदाहरण घेऊ की, ज्याचे नाव महाराष्ट्रात घरोघर ठाऊक आहे, परंतु ज्याच्या आयुष्याच्या आरंभीची निराशा थोड्यांस माहीत आहे. लक्ष्मणराव काशिनाथ किर्लोस्कर यांचा जन्म १८६९ साली बेळगावनजीक गुर्लहोसूर येथे झाला. त्यांस चित्रकलेची विलक्षण आवड होती. चित्रकार व्हावयाचे हा निश्चय करून ते मुंबईच्या जे. जे. कलाशाळेत दाखल झाले. तेथे त्यांस असे कळून आले की, आपले डोळे काही रंगांतील भेद ओळखू शकत नाहीत. ज्याने चित्रकार होण्याचे स्वप्न उराशी बाळगले त्या तरुणास रंगांधळेपणाचे निदान ऐकून काय वाटले असेल, याची कल्पना वाचकांनीच करावी.

येथे दोन वाटा होत्या. दैवास दोष देत घरी परतणे ही एक. लक्ष्मणरावांनी दुसरी धरली. रंग ओळखू येत नाहीत, परंतु रेषा तर येते! त्यांनी यांत्रिक रेखनाचा अभ्यास केला, आणि पुढे मुंबईच्या व्हिक्टोरिया ज्युबिली तंत्रशिक्षणसंस्थेत त्याच विषयाचे शिक्षक झाले. तेथील कार्यशाळेत यंत्रे उघडून, जोडून, त्यांचे मर्म त्यांनी जाणून घेतले. नंतर नोकरी सोडून ते बेळगावास आपले थोरले बंधू रामुअण्णा यांजबरोबर सायकलच्या दुकानात काम करू लागले. तेथून कडबा कापण्याचे यंत्र आणि लोखंडी नांगर यांकडे त्यांची दृष्टी वळली.

नांगर तयार झाला, पण तो विकत कोण घेणार? लोखंडाने जमीन विषारी होते, अशी त्या काळच्या शेतकऱ्यांची धारणा होती. पहिला नांगर विकला जाण्यास सुमारे दोन वर्षे लागली असे सांगतात. या दोन वर्षांचा विचार आमच्या विद्यार्थ्यांनी अवश्य करावा. एका चाचणीत गुण कमी पडले की, 'हा विषय आपला नव्हेच,' असे म्हणून जो पुस्तक मिटतो, त्याने त्या न विकल्या गेलेल्या नांगरांकडे एकवार पाहावे. पुढे बेळगावची जागा सोडण्याची पाळी आली, तेव्हा औंध संस्थानचे अधिपती, जे स्वतः चित्रकार होते, ते भवानराव पंतप्रतिनिधी यांनी कुंडलनजीक त्यांस जागा दिली. निवडुंगाने माजलेल्या त्या माळावर १९१० साली कारखाना आला व त्याभोवती वसाहत वसली. तीच किर्लोस्करवाडी. ती आज सांगली जिल्ह्यात आहे.

चित्रकलेची आवड व्यर्थ गेली काय? मुळीच नाही. जो हात निसर्गदृश्ये रंगविणार होता त्याच हाताने नांगराच्या फाळाची वक्ररेषा आखली. अंगचा गुण तोच राहिला. त्यास काम मात्र दुसरे मिळाले. पुष्कळदा आपण ज्यास आपले ध्येय समजतो तो केवळ आपल्या गुणाचा पहिला वेष असतो. वेष उतरला म्हणून गुण नाहीसा होत नाही.

उशीर झाला, असे म्हणू नये

काही पालक व विशेषतः आमच्या विद्यार्थ्यांच्या माता म्हणतील, 'हे मुलांना ठीक आहे. आमचे दिवस गेले.' त्यांच्यासाठी लक्ष्मीबाई टिळकांचे चरित्र आहे. त्या १८६८ साली जन्मल्या. लहानपणी त्यांस शाळा नव्हती. अकराव्या वर्षी लग्न झाले, आणि अक्षरओळख झाली ती पती रेव्हरंड नारायण वामन टिळक यांजकडून. संसारातील ताटातुटी, दारिद्र्य, धर्मान्तरामुळे झालेला वियोग, हे सर्व त्यांनी सोसले. १९१९ साली टिळक निवर्तले. ज्यांनी कधी शाळेची पायरी चढली नव्हती त्या बाईंनी पतीचे अपुरे राहिलेले 'ख्रिस्तायन' हे महाकाव्य पुढे चालविले, आणि आपल्या आठवणी लिहिल्या. 'स्मृतिचित्रे' या त्यांच्या आत्मचरित्राचा पहिला भाग १९३४ साली प्रसिद्ध झाला. तेव्हा त्यांचे वय सहासष्टच्या सुमारास होते. आज मराठीतील अव्वल आत्मचरित्रांत त्याची गणना होते.

त्यांच्या भाषेत पंडिती शब्द नाहीत. घरात, अंगणात बोलावे तशी ती भाषा आहे, आणि स्वतःवर हसण्याचे धैर्य तिच्यात पदोपदी आहे. आमच्या विद्यार्थिनींनी यावरून हे शिकावे की, नवीन लिहिण्यासाठी दूरचे काही आणावे लागत नाही. जे आपणच पाहिले व सोसले आहे ते खरेपणाने सांगणे हेच अत्यंत दुर्मिळ व अत्यंत नवे असते.

हेतू कोठे सापडतो?

आता दुसऱ्या व अधिक कठीण प्रश्नाकडे वळू. शालान्त परीक्षेच्या उंबरठ्यावरील मुले आम्हांस एकान्तात विचारतात, "सर, माझ्या आयुष्याचा हेतू काय, हे मला कसे कळेल?" हा प्रश्न थट्टेवारी नेण्यासारखा नाही. कित्येक मुले या प्रश्नाने रात्ररात्र तळमळतात आणि घरी बोलत नाहीत.

आमचे उत्तर असे आहे. हेतू हा घरात हरवलेल्या किल्लीसारखा नाही की, शोधशोधून एके दिवशी सापडावा. हेतू वाढतो, रोपासारखा. आणि त्याचे बीज बहुधा दुसऱ्याच्या अडचणीत असते. 'मी कोण होऊ?' या प्रश्नापाशी मन घोटाळत राहते. 'माझ्या जवळच्या कोणाचे काय अडले आहे, आणि त्यातले मला काय करता येईल?' या प्रश्नाने पाऊल पुढे पडते. त्या गिरणीवाल्याच्या मुलाने 'मी अभियंता होईन' असे लिहिले नव्हते. त्याने बापाच्या हाताचा विचार केला होता.

पंडिता रमाबाईंकडे पाहा. संस्कृत विद्येच्या बळावर त्या तरुणपणीच पंडिता म्हणून गाजल्या. केवळ कीर्ती हाच हेतू असता तर ती त्यांस पुरेशी मिळाली होती. परंतु त्यांची दृष्टी विधवांच्या दुःखाकडे वळली, आणि १८८९ साली मुंबईत त्यांनी शारदासदन उघडले. पुढे १८९६-९७च्या दुष्काळात त्यांनी शेकडो अनाथ मुलींना केडगावी आणून आसरा दिला. उतारवयात त्यांनी हिब्रू व ग्रीक भाषांचा अभ्यास करून बायबलाचे मराठी भाषान्तर हाती घेतले. ते पंडितांसाठी नव्हते. खेड्यातील साध्या स्त्रियांस समजावे म्हणून सोप्या मराठीत होते. १९२२ साली त्यांचा अंत झाला. संपूर्ण भाषान्तर १९२४ साली छापून निघाले. जी विद्या एका काळी सभा जिंकण्यासाठी वापरली गेली तीच शेवटी खेड्यातील बाईच्या ओंजळीत आली. हेतू विद्येस कसा पालटतो याचे याहून ठळक उदाहरण आम्हांस ठाऊक नाही.

आमच्या शाळेतील मुलांनी तीन चाकरांचा दृष्टान्त अनेकदा ऐकला आहे. धन्याने दिलेले धन ज्याने जमिनीत पुरून ठेवले तो चाकर चोर नव्हता, उधळ्याही नव्हता. तो भ्याला होता. आपल्या अंगचा गुण पुरून ठेवणारे बहुतेक जण दुष्ट नसतात. लोक हसतील म्हणून ते भ्यालेले असतात. आणि आम्ही शिक्षकही कधी कधी त्यांच्या हाती कुदळ देतो.

नित्याची साधने

उपदेश पुष्कळ झाला. आता काय करावे ते थोडक्यात सांगतो.

पहिले, एक टिपणवही ठेवा. रोज निजण्यापूर्वी तीत एकच गोष्ट लिहा : आज घरात, शाळेत वा रस्त्यात कोणाची कोणती अडचण पाहिली. उपाय सुचलाच पाहिजे असे नाही. नीट पाहणे हेच अर्धे काम आहे.

दुसरे, एक विद्या हाताला लागेपर्यंत शिका. सुतारकाम असो, वाद्य असो, शिवण असो वा भूमिती असो. आरंभी अनुकरण करण्यात कमीपणा नाही. ज्यास सरळ रेषा ओढता येते त्याचीच वाकडी रेषा अर्थपूर्ण ठरते.

तिसरे, दिवसातून अर्धा तास असा ठेवा की, ज्यात पुस्तक नाही, पडदा नाही, गप्पा नाहीत. चालावे, झाडांस पाणी घालावे, अथवा स्वस्थ बसावे. दह्याचे भांडे झाकून ठेवण्याचा हा वेळ होय.

चौथे, जे सुचेल ते लहान प्रमाणावर करून पाहा, आणि फसले तर का फसले ते त्याच वहीत लिहा. फसलेला प्रयत्न लिहून ठेवला की तो अनुभव होतो. लपविला की ती लाज होते.

पाचवे, जे कराल त्याखाली एक ओळ लिहा : हे कोणासाठी?

पालकांस विनंती

पालकहो, मुलाचा अभ्यास बुडावा असे आम्ही म्हणत नाही. गणित शिकलाच पाहिजे. त्या मुलासही ते आले असते तर त्याचे माप अधिक अचूक झाले असते. परंतु मूल एखाद्या गोष्टीत तहानभूक विसरलेले दिसले तर ती वस्तू हिसकावण्यापूर्वी त्याच्याजवळ बसावे आणि शांतपणे विचारावे, 'हे कशासाठी करतोस?' उत्तर पोरकट असेल तर तुमचे काही बिघडणार नाही. उत्तर खरे असेल तर एक आयुष्य वाटेस लागेल. शेजारच्या मुलाच्या गुणांशी आपल्या मुलाची तुलना करून कोणाचाही गुण वाढल्याचे आम्ही या सर्व वर्षांत पाहिले नाही.

शेवटी त्या वहीचे काय झाले ते सांगावयास हवे. उन्हाळ्याच्या सुटीत आम्ही ती घेऊन त्या गावी गेलो. गिरणी चालू होती आणि शेजारी दुरुस्तीचे एक छोटे दुकान होते. त्याने आम्हांस ओळखले, बसावयास खुर्ची दिली. आम्ही वही पुढे केली आणि झाल्या गोष्टीची क्षमा मागितली. तो संकोचला. पाने चाळीत म्हणाला, "सर, तो पट्टा मी त्याच दिवाळीत बसवला. बाबांना पुन्हा हात घालावा लागला नाही." मग थोडे थांबून म्हणाला, "फक्त शाळा सुटली, त्याचं वाईट वाटतं."

त्या शेवटच्या वाक्यास आम्हांपाशी उत्तर नव्हते, व आजही नाही. त्याने वहीतील कोरी पाने मोजली. चौदा उरली होती. ओट्यावर त्याची आठ वर्षांची मुलगी खडूने काही रेखाटीत बसली होती, त्याने ती वही तिच्या हाती दिली आणि विचारले, "काय काढतेस गं? कशासाठी?"

विद्यार्थिमित्रहो, तुमच्याही वहीत कोरी पाने पुष्कळ आहेत. ती कोणी काढून घेण्याची वा कोणी देण्याची वाट पाहू नका. आज रात्रीच पहिली ओळ लिहा. आणि नव्या वर्षी शाळा उघडेल तेव्हा ती आम्हांस दाखवावयास घेऊन या. आम्ही ती खणात ठेवणार नाही, हे आमचे वचन आहे.